मूळ नोंद आणि तिची नक्कल



शाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस होतात न होतात तोंच मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर वेळापत्रक लागतें, आणि जो तो तें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतो. कारण उघड आहे. प्रत्येक तासाला फलकापर्यंत जावें, गर्दींत टाचा उंच करून पाहावें, आणि पुन्हां धांवत वर्गांत यावें, एवढा वेळ कोणाजवळ आहे? वहींतील नक्कल हाताशीं असते. ती पाहावयास क्षण पुरतो. परंतु एके दिवशीं एखादे शिक्षक रजेवर जातात, भूगोलाच्या जागीं गणिताचा तास येतो, फलकावरील कागद बदलतो, आणि वहींतील नक्कल मात्र काल होती तशीच राहते. त्या दिवशीं भूगोलाचें पुस्तक घेऊन गणिताच्या तासाला बसलेल्या मुलाचें चुकलें कोठें? नक्कल करण्यांत त्याचें कांहींच चुकलें नाहीं. ती केव्हां जुनी झाली हें कळण्याची सोय त्यानें ठेविली नव्हती, एवढेंच.

आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर जीं पानें आपण पाहतों, त्यांतील पुष्कळशीं अशाच नकला असतात. मूळ नोंद बदलली म्हणजे तिच्या नकला ताज्या कशा करावयाच्या, हा संगणकशास्त्रांतील एक नाजूक प्रश्न आहे. फिल कार्लटन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाच्या नांवावर एक उक्ति सांगतात. तिचा भावार्थ असा कीं, या शास्त्रांत खरोखर कठीण गोष्टी दोनच. एक जुन्या नकला वेळेवर रद्द करणें, व दुसरी वस्तूंस योग्य नांवें देणें. हा प्रश्न आपल्या नाकाडोंगरीच्या शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत कसा येतो, आणि तो सोडविण्याच्या रीति कोणत्या, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या भागांत कोणी डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणीवर कामाला जातो, कोणी जंगलाच्या कामावर असतो. तरी बहुतेकांचा जीव धानाच्या बांधींत गुंतलेला असतो. आणि बांधी म्हटली कीं तिचा कागद आलाच. हा कागद म्हणजे सातबारा. त्यांत दोन नमुन्यांची जोड असते. गांव-नमुना ७ मध्यें जमीन कोणाच्या नांवें आहे, तिचें क्षेत्र किती व तिच्यावर कोणाचा बोजा आहे हें लिहिलेलें असतें. गांव-नमुना १२ मध्यें कोणतें पीक किती क्षेत्रांत आहे याची नोंद असते.

आतां ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे कीं, मालकींत झालेला बदल प्रथम सातबाऱ्यावर येत नाहीं. खरेदी झाली, वाटणी झाली, किंवा घरांतील कर्ता माणूस वारला, म्हणजे ती हकीकत प्रथम गांव-नमुना ६ मध्यें, अर्थात् फेरफार नोंदवहींत, लिहिली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५० मध्यें याची रीत घालून दिली आहे. तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात व आपल्याकडील वृद्ध मंडळी अजून पटवारीच म्हणतात, ते फेरफार नोंदवितात. चावडीवर त्याची प्रत लागते. संबंधितांस नोटीस जाते. हरकतीची मुदत संपली म्हणजे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आणि मग कोठें सातबाऱ्यावरील नांव बदलतें. तोच बदल पुढें खातेदाराच्या गांव-नमुना ८-अ मध्येंहि उतरतो. हाताने लिहिण्याच्या काळांत फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर पेन्सिलीनें खूण करून ठेवण्याची वहिवाट होती. पेन्सिलीची खूण पाहिली कीं शहाणा माणूस ओळखी, 'येथें कांहीं बदलूं घातलें आहे; थोडें थांबावें.'

पुढें हीं दप्तरें संगणकावर आलीं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करूं लागला. नोंद बदलण्याचा वेग वाढला, ती पाहण्याचा वेग त्याहून वाढला, आणि त्याबरोबर नकलाहि वाढल्या.

येथें आमच्याच घरीं घडलेली एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे आजोबा वारले. वारसांचा फेरफार झाला, हरकतीची मुदत निघून गेली, नोंद प्रमाणित झाली. धान विकण्यासाठीं खरेदी-केंद्रावर नांव नोंदविण्याची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. काका तुमसरास गेले व तेथील एका दुकानांत त्यांनीं सातबारा मागितला. दुकानदारानें संगणकावर चार बोटें चालविलीं आणि क्षणांत कागद काढून हातीं दिला. तो घेऊन काका केंद्रावर गेले, तर कागदावर नांव आजोबांचेंच! कागद परत आला. काका संतापले, 'पटवाऱ्यानें आपलें काम केलेंच नाहीं,' असें म्हणत ते घरीं आले. आजीला वाचतां येत नसे. कागदावर कोणाचें नांव आहे हें ऐकून तिनें तो हातांत घेतला, त्यावरून हळूच हात फिरविला, आणि एवढेंच म्हणाली, 'या कागदाला अजून खबरच मिळाली नाहीं बाबा.'

आजी निरक्षर होती, पण दोष कोठें आहे तें तिनें नेमकें सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं उलगडा झाला. आजोबा हयात असतां कर्जाच्या कामासाठीं त्याच दुकानांतून तोच सातबारा काढलेला होता. दुकानदारानें तो गट क्रमांकासह आपल्या संगणकांत जपून ठेविला होता. आणि पुन्हां मागणी येतांच, वेळ वांचावा म्हणून, सरकारी दप्तराकडे न जातां त्या जपून ठेविलेल्या प्रतीचाच छाप काढून दिला. पटवारी निर्दोष होते. मूळ नोंद बरोबर होती. फक्त नकलेला खबर मिळाली नव्हती.

या दुकानदारानें जें केलें तेंच मोठमोठीं संकेतस्थळें रात्रंदिवस करीत असतात, आणि तें करण्यावांचून त्यांस गत्यंतर नसतें. पडद्यावरील पान कसें तयार होतें तें पाहूं. आपल्या यंत्रांतील ब्राउझर दूरच्या सर्व्हर नांवाच्या संगणकाकडे पान मागतो. सर्व्हर डेटाबेसमध्यें, म्हणजे नोंदींच्या दप्तरांत, शोध करतो. चार ठिकाणच्या नोंदी एकत्र जुळवितो. त्यांचें सुबक पान रचतो आणि धाडून देतो. एकाच्या मागणीला हें ठीक आहे. पण तेंच पान एका तासांत दहा हजार लोकांनीं मागितलें, तर दहा हजार वेळां तेंच दप्तर उघडावें काय? नोंद तर महिन्यांतून एखादे वेळीं बदलते. म्हणून सर्व्हर एकदां रचलेलें पान हाताशीं ठेवितो आणि पुढच्या मागणाऱ्यांस तेंच देतो. अशा हाताशीं ठेविलेल्या नकलांच्या सांठ्यास 'कॅश' म्हणतात. येथें रोकड पैशाचा कांहीं संबंध नाहीं. हा शब्द लपवून ठेवणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आला आहे.

ही युक्ति आजकालची नव्हे. केंब्रिज येथील संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं, मोठ्या पण संथ स्मरणसांठ्याच्या दिमतीला लहान पण चपळ सांठा ठेवावा, अशी कल्पना मांडली होती. संकेतस्थळांसाठीं याच जातीचें 'मेमकॅश्ड' नांवाचें साधन ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं २००३ सालीं तयार केलें, व तें पुढें जगभर वापरांत आलें.

या नकला तीन ठिकाणीं असूं शकतात. कांहीं सर्व्हरच्या शेजारीं; कांहीं वाटेवरील मधल्या ठाण्यांवर; आणि कांहीं थेट आपल्या घरच्या यंत्रांत, ब्राउझरच्या पोटांत. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढें सर्व मदार त्यावरच आहे.

नकला ताज्या ठेवण्याच्या रीति मुख्यत्वेंकरून तीन. त्यांस आपण मुदत, विचारपूस आणि दवंडी अशीं नांवें देऊं.

मुदतीची रीत सर्वांत सोपी. नक्कल देतांनाच तिच्यावर लिहावयाचें, 'ही दहा मिनिटेंपर्यंत खरी धरावी.' दहा मिनिटें संपलीं कीं नक्कल टाकून द्यावयाची आणि मूळ नोंद पुन्हां पाहावयाची. हींत कोणीं कोणास कांहीं कळविण्याची गरज नसते. पण दोष उघड आहे. नोंद दुसऱ्याच मिनिटाला बदलली तर उरलेलीं आठ मिनिटें जुनें पान ऐटीनें मिरवतें. आणि वर्षभर नोंद बदलली नाहीं तरी दर दहा मिनिटांनीं व्यर्थ खेप पडते. मुदत लांब ठेवावी तर शिळेपण वाढतें, आंखूड ठेवावी तर श्रम वाढतात. शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीला एक दिवसाची मुदत चालेल; धानाच्या नोंदणीच्या यादीला ती चालणार नाहीं.

दुसरी रीत विचारपुशीची. नकलेवर मूळ नोंदीची खूणगांठ लिहून ठेवावयाची; आणि नक्कल वापरण्यापूर्वीं दप्तराला एवढेंच विचारावयाचें, 'माझ्याजवळ अमुक खुणेची प्रत आहे; ती अजून चालू आहे ना?' चालू असेल तर उत्तर येतें, 'बदल नाहीं.' संगणकांच्या भाषेंत या उत्तराचा क्रमांक ३०४ आहे. सगळें पान पुन्हां पाठवावें लागत नाहीं. दोन शब्दांत काम भागतें. एच्. टी. टी. पी. या नांवाच्या ज्या नियमांनीं ब्राउझर व सर्व्हर एकमेकांशीं बोलतात, त्यांच्या १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मसुद्यांत तारखेवरून अशी विचारणा करण्याची सोय होती. १९९७ सालच्या सुधारलेल्या नियमांत तारखेऐवजीं खूणचिठ्ठीवरून विचारण्याचीहि सोय झाली. आपल्या घरांतील सातबारा काढून पाहा. त्यावर 'शेवटचा फेरफार क्रमांक' व त्याची तारीख छापलेली दिसेल. हीच ती खूणगांठ होय! दोन प्रती हातीं आल्या, तर ज्या प्रतीवरील शेवटचा फेरफार मागाहूनचा, ती प्रत ताजी. तसेंच 'प्रलंबित फेरफार' असाहि एक रकाना असतो. जुन्या काळची पेन्सिलीची खूण तीच आतां छापील अक्षरांत आली आहे.

तिसरी रीत दवंडीची. पूर्वीं गांवांत कांहीं नवें घडलें कीं कोतवाल दवंडी पिटी. लोक आपापल्या दारांत उभे राहून ऐकत. त्याप्रमाणें, नोंद बदलणाऱ्या कारभारानेंच बदल होतांक्षणीं नकलांच्या सांठ्याला खबर द्यावयाची, 'अमुक नोंद बदलली. तिच्यावरून केलेल्या नकला फेकून द्या.' पुढचा मागणारा आला म्हणजे पान नव्या नोंदीवरून रचलें जातें. वाट पाहणें नाहीं, व्यर्थ खेपा नाहींत. तिन्हींत ही रीत उत्तम. पण तीच सर्वांत सावधगिरीची. तिच्यांतील तीन अडचणी सांगतों.

पहिली अडचण अशी कीं, एका नोंदीवरून किती पानें बनलीं आहेत हें ठाऊक असावें लागतें. समजा, एका शेतकऱ्यानें आपली एक बांधी शेजाऱ्यास विकली. नोंद एकच बदलली; परंतु तिच्यामुळें त्या गटाचा सातबारा बदलला, विकणाऱ्याचें ८-अ बदललें, घेणाऱ्याचें ८-अ बदललें, आणि गांवच्या खातेदारांची यादीहि बदलली. यांपैकीं तीन नकला फाडल्या आणि चौथी विसरली, तर एकच बांधी एका पानावर एकाची व दुसऱ्या पानावर दुसऱ्याची दिसेल. सर्वच पानें जुनीं असतीं तर निदान गोंधळ तरी एकसारखा झाला असता! यासाठीं कुशल कारागीर प्रत्येक नकलेवर, ती कोणकोणत्या नोंदींवरून केली, त्यांचे क्रमांक टांकून ठेवितात. नोंद बदलली कीं तो क्रमांक ज्या ज्या नकलेवर असेल ती ती बाजूस काढली जाते. कोणाच्या आठवणीवर विसंबावें लागत नाहीं.

दुसरी अडचण क्रमाची. दवंडी आधीं पिटली आणि नोंद मागाहून बदलली, तर मधल्या क्षणीं आलेला मागणारा जुन्याच नोंदीवरून नवी नक्कल करवून नेतो; ती सांठ्यांत जाऊन बसते, आणि दवंडी तर होऊन गेलेली असते. म्हणून नियम असा कीं, नोंद आधीं पक्की व्हावी, दवंडी नंतर व्हावी. तरीहि एक बारीक फट राहतेच. एका कारकुनानें दप्तरांतून जुनी नोंद वाचली आणि तो नक्कल लिहीत बसला. इतक्यांत नोंद बदलली, दवंडीहि झाली. आणि मग या संथ कारकुनानें आपली जुनी नक्कल आणून सांठ्यांत ठेविली. आतां ती कोण काढणार? यावर दोन उपाय आहेत. नकलेवर फेरफाराचा क्रमांक असावा व सांठ्यानें मागील क्रमांकाची प्रत स्वीकारूं नये, हा एक. आणि दवंडी असली तरी प्रत्येक नकलेला कांहींतरी मुदत द्यावी, म्हणजे चुकून राहिलेली नक्कलहि अजरामर होणार नाहीं, हा दुसरा.

तिसरी अडचण गर्दीची. नोंदणीच्या शेवटच्या दिवशीं हजारों लोक एकच यादी पाहत असतात. अशा वेळीं दवंडी होऊन ती नक्कल फाडली गेली कीं ते सारे एकदमच दप्तरावर लोटतात, आणि जो भार टाळण्यासाठीं नकला केल्या तोच भार एका क्षणांत डोक्यावर कोसळतो. यास उपाय असा कीं, पहिल्या एकालाच दप्तरापर्यंत जाऊं द्यावें, इतरांस क्षणभर थांबवावें, आणि त्यानें आणलेली नक्कल सर्वांस द्यावी. विहिरीवर एकानें पोहरा ओढावा व दहा घागरी भराव्या, तशांतलाच हा प्रकार.

आतां मघाशीं सांगितलेला तीन ठिकाणांचा भेद आठवा. दवंडीचा आवाज गांवच्या शिवेपर्यंतच पोंचतो. सर्व्हरच्या शेजारचा सांठा हा त्याचा स्वतःचा गांव. तेथें दवंडी चालते. मधल्या ठाण्यांशीं करार असेल तर तेथेंहि चालते. परंतु तुमच्या घरच्या ब्राउझरनें पोटांत घातलेली प्रत, किंवा तुमसरच्या दुकानदारानें जपून ठेविलेली प्रत, ही शिवेच्या पलीकडली. तिच्यापर्यंत कोणाचाहि कोतवाल पोंचत नाहीं. तेव्हां तत्त्व असें ठरतें: ज्या नकला आपल्या ताब्यांत आहेत त्यांस दवंडी द्यावी, ज्या ताब्याबाहेर गेल्या त्यांस निघतांनाच आंखूड मुदत व खूणगांठ बांधून द्यावी, म्हणजे वापरणारास विचारपूस करतां येईल. आणि ज्या पानावर पैशाचा किंवा हक्काचा निवाडा व्हावयाचा, तें पान नकलेवरून देऊंच नये. तेथें प्रत्येक वेळीं मूळ दप्तर उघडावें, मग दोन क्षण अधिक लागले तरी चालतील.

पालकवर्गास यांतून घेण्यासारखें थोडें आहे, पण तें उपयोगाचें आहे. लोखंडी पेटींत वर्षानुवर्षें जपलेला सातबारा आठवणीसाठीं ठेवावा, व्यवहारासाठीं नवीन काढावा. संकेतस्थळावर फुकट पाहावयास मिळणारा विनास्वाक्षरीचा सातबारा केवळ माहितीसाठीं असतो. कामाला डिजिटल स्वाक्षरीची प्रतच घ्यावी. कागद हातीं येतांच नांवाच्या आधीं शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख पाहावी, प्रलंबित फेरफाराचा रकाना पाहावा, आणि तो कागद आजच्या तारखेचा आहे ना हें तपासावें. पडद्यावर जुनी माहिती दिसली तर कोणावर रागावण्यापूर्वीं पान एकदां पुन्हां मागवून पाहावें. हें वाचून दाखविण्याचें काम घरांतील शिकणाऱ्या मुलामुलींनीं आनंदानें अंगावर घ्यावें.

आणि तुमच्यापैकीं जे पुढें संगणकाचें काम शिकतील, त्यांनीं एक गोष्ट मनाशीं बाळगावी. नोंद बदलणें म्हणजे अर्धेंच काम. ती जेथें जेथें उतरून घेतली गेली असेल तेथें तेथें खबर पोंचविण्याची तजवीज होईल, तेव्हां तें काम पुरें झालें. ही तजवीज ज्यानें नोंद बदलली त्यानेंच करावयाची असते. कारण बदल झाला हें त्या क्षणीं दुसऱ्या कोणासहि ठाऊक नसतें.

आमच्या काकांची हकीकत अपुरी राहिली. शेवटच्या दिवशीं ते पुन्हां तुमसरास गेले. या खेपेस त्यांनीं दुकानदाराच्या शेजारीं उभें राहून सरकारी दप्तरांतून नवीन प्रत काढविली. तिच्यावर नवा फेरफार क्रमांक होता, आणि खातेदारांत आजीचें नांव पहिलें होतें. दिवस मावळण्यापूर्वीं केंद्रावर नोंद झाली व त्या वर्षींचें धान योग्य भावानें गेलें. सायंकाळीं काकांनीं आजीला तिचें नांव वाचून दाखविलें. तिनें दोनदां वाचावयास लाविलें. मग नवा कागद पेटींत ठेविला, आणि जुन्या कागदाची घडी करून ती आजोबांच्या तसबिरीमागें सरकवून दिली.